झेकोस्लोव्हाकियाची वाटणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल शाळेचा जुना नकाशा उलगडला आणि त्याच्या कुबट वासानं अंथुर्ण्यातली ती सकाळ आठवली. मी तिथं भूगोलाचा मास्तर होतो. मेंढरं राखणारे एक तात्या रेडिओ कानाला लावून पारावर आले. "गुरुजी, झेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली. भांडण न्हाय, तंटा न्हाय." मी म्हणालो, "तात्या, वाटणी मेंढरांची होते, देशाची नाही!" सगळा पार हसला आणि गावानं त्यांचं नाव 'वाटणीवाला' पाडलं. दोन दिवसांनी पेपरात वाचलं, तो देश खरंच सामोपचारानं दोन झाला होता. तात्यांचा 'वाटणी' हा शब्दसुद्धा बरोबर होता. मी पेपर घडी करून पिशवीत टाकला. तात्यांनी पारावर येणं सोडलं. पुढं रस्त्यात भेटले की मी पाऊसपाण्याचं विचारायचो. "तात्या, चूक माझी होती," एवढं मात्र ते वारेपर्यंत तोंडातून निघालं नाही.