ओलवेनच्या पावलांनी

आमच्या रत्नागिरीतल्या राही सुईणीला एक खोड होती. बारसं कुणाचंही असो, नाव ऐकलं की ती अर्थ विचारायची. 'असंच ठेवलं' म्हणणाऱ्यांचा तिला राग यायचा.

एकोणीसशे एकतीस साली दवाखान्यात वेल्सहून एक नर्स आली. सगळे तिला नर्सबाई म्हणत. राहीने मात्र नाव विचारलं. ओलवेन.

"म्हणजे काय गो, बाय?"

"आमच्या भाषेत ओल म्हणजे पाऊलखूण, वेन म्हणजे पांढरी. पूर्वी ह्या नावाची एक मुलगी चालायची, तिथे पांढरी फुलं उगवायची म्हणे."

राही तिच्या बुटांकडे बघत राहिली.

भाद्रपदात तिने नर्सबाईला घरी बोलावलं, बूट काढायला लावले आणि तांदळाच्या पिठात पाय बुडवून उंबऱ्यातून आत चालवलं. त्या पांढऱ्या पावलांवरून राही गौर घेऊन आली. शेजारणींनी रीतीप्रमाणे विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या म्हणायचं सोडून राही म्हणाली, "ओलवेनच्या."

पुढच्या वर्षी आळीतल्या सगळ्या गौरी ओलवेनच्या पावलांनी आल्या. सोन्याहून भारी काहीतरी असणार, असं बायकांनी धरलं होतं. अर्थ एकीनेही विचारला नाही, आणि त्या वेळी राहीला राग आला नाही.