शेजारी ठेवलेली किल्ली

"ठेव रे ही, आलोच." असं म्हणून शेजारचे काका माझ्या हातात घराची किल्ली द्यायचे आणि दूध आणायला लिफ्टने खाली जायचे. दार ओढलं की आपोआप बंद होतं, किल्ली खिशात मावते, हे मी सांगून पाहिलं. उपयोग शून्य. लालबागच्या चाळीत जन्म गेलेला माणूस. किल्ली शेजारी दिल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

चाळ पडली, तिथली माणसं डोंबिवली-विरारकडे पांगली आणि हे करी रोडच्या टॉवरमध्ये माझ्या समोरच्या घरात एकटेच राहायला आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. विमा कचेरीतली कारकुनी संपवून जवळ उरला होता एक जुना कॉम्प्युटर. त्यात अख्खी चाळ होती, खोलीवार फोल्डर करून ठेवलेली. गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्या, सत्यनारायण, मुंजी, पास झालेली पोरं, नव्या सुना. सगळे फोटो यांनीच काढलेले. तुमच्याही ओळखीत असा एक असेलच, जो प्रत्येक समारंभात कॅमेऱ्यामागे असतो आणि स्वतः एकाही फोटोत नसतो.

एकदा कॉम्प्युटर सुरूच होईना. माझी बेल वाजली. दारात काका, चेहरा पांढराफटक. तो कसाबसा चालू झाल्यावर मी म्हटलं, आता याची एक प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एखाद्या कंपनीकडे ठेवा. झालं. पुढचे कित्येक रविवार आम्ही मुलीसाठी स्थळं बघावीत तशा कंपन्या बघत बसलो. फुकट जागा देणारी त्यांना संशयास्पद वाटली. दुसरी फोटो बारीक करून ठेवायची; दिलेली वस्तू धड परत न देणारा शेजारी कसला, म्हणून तीही बाद. मला एक पसंत होती. ती कॉम्प्युटरची नक्कल गुपचूप ठेवायची आणि इथे काही पुसलं गेलं तरी तिच्याकडचं शाबूत राहायचं.

"पण तिथे दुसरं कोण जाऊ शकतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. तेच तर चांगलं."

"मग काय उपयोग, मेल्या? चाळीतली माणसं आत कशी यायची?"

शेवटी त्यांनी अशी कंपनी निवडली, जिथे एकाच पासवर्डवर कोणीही आपल्या फोनवरून फोटो उघडू शकेल. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जाईल, हे मी बजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पासवर्ड सरळ चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. ही चूक चाळीतला माणूसच करू जाणे. ग्रुपवर अंगठे आले, कोणी फुलं पाठवली. मग ते वाट बघू लागले. रोज फोल्डर उघडायचे आणि मी भेटलो की विचारायचे, "कोणी येऊन गेलं असेल का रे?"

एका सकाळी त्यांना कोपऱ्यावरच्या खोलीचं फोल्डर रिकामं दिसलं. मी धावत गेलो. पुसलेले फोटो कंपनीच्या कचऱ्याच्या डब्यात सापडले, ते परत जागेवर आणले. पण खातं कुठल्या कुठल्या फोनवरून उघडलं गेलं, याची यादीही कंपनी दाखवते. त्यात सुरुवातीपासून दोनच नावं होती, त्यांच्या कॉम्प्युटरचं आणि त्यांच्या फोनचं. फोन भरला म्हणून फोटो काढून टाकताना त्यांनीच ते पुसले होते. बाकी कोणी कधी आलंच नव्हतं.

ते माझ्या मागेच उभे होते. मला वाटलं, चिडतील. चेहरा तर खुललेला.

"म्हणजे कोणीतरी आत येऊन गेलं," ते म्हणाले. "कोण रे?"

मी यादी मिटली. "नाव नाही दिसत, काका."

त्यांनी चहा टाकला आणि तो पिता पिता अंदाज बांधत राहिले. त्याच खोलीतल्या वहिनी असतील, त्या पहिल्यापासून धांदरट. पसारा घालून गेल्या तर गेल्या, आल्या ना.

गेल्या वर्षी काका गेले. परळच्या हॉस्पिटलात नेताना स्ट्रेचरवरूनही त्यांनी किल्ली माझ्या मुठीत दिली. "ठेव रे ही, आलोच." ग्रुपवर जोडलेले हात आले. पुतण्याने घर विकलं, कॉम्प्युटर भंगारात गेला. खातं मात्र मी चालू ठेवलंय. अधूनमधून माझ्या फोनवरून आत जातो आणि ज्यांना कधी भेटलो नाही त्यांच्या मिरच्या, त्यांच्या मुंजी बघत बसतो. त्या यादीत आता तिसरं नाव आहे, माझ्या फोनचं. कोणीतरी आलंय, हे बघायला काका हवे होते.