स्टोव्ह कुठं होता?

वंदना गेली. आणि तिचं घर मी लगेच धुऊ दिलं नाही.

आज सकाळी, जाफराबादला, तिच्या राहत्या घरी. पोटाचा कॅन्सर होता. तिच्या नवऱ्यानं शेवटपर्यंत केलं तिचं. रडून रडून आवाज बसलाय त्याचा.

पण मला आज आमच्या दोघींच्या बारावीच्या एका पेपरचं सांगायचंय.

परतूर तालुक्यातलं आमचं गाव. नव्वदचं दशक सरत आलेलं. गावच्या ज्युनिअर कॉलेजात 'माध्यम परिचय' नावाचा नवाच विषय आला होता. त्यात एक अख्खा चॅप्टर टीव्हीवरच्या क्राइम सिरियलचा. सिरियल बघायची आणि त्यावर पेपर लिहायचा. घरच्यांना वाटायचं, पोरी थापा मारतात.

टीव्ही आमच्या दोघींच्याही घरी नव्हता. वंदनाच्या शेजारी होता, मीरावहिनींकडे. लग्नात माहेरून आलेला, कलर.

सासूची कुरकुर चालायची. तरी वहिनी आम्हाला हाक मारून बसवायच्या. स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेंगा सोलत बघायच्या.

खुनी कोण, हे आमच्या आधी त्याच ओळखायच्या.

"तुम्हाला कसं काय कळतंय वहिनी?"

"घरातलाच असतोय बघ वंदे. बाहेरचा कशाला येईल?"

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

वर्गात सर सांगायचे, "कॅमेरा आधी खोली दाखवतो, मग माणसं. तुम्ही पण आधी खोली बघा. कोणती वस्तू कुठं आहे, ते लिहा."

वंदनाच्या डोक्यात हे पक्कं बसलं. एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही गेली की आधी सगळीकडे नजर फिरवायची. मी चिडवायचे, "आल्या बघा इन्स्पेक्टरीणबाई."

पेपर तोंडावर आला आणि मीरावहिनी जळाल्या.

भर दुपारी. घरातच गेल्या. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नाही.

सासू अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "चहा ठिवायला गेल्ती. स्टोव्हचा भडका उडाला."

नवरा भिंतीला टेकून खाली बघत होता. हवालदार बॉडीबरोबर जीपनं जालन्याला गेला. पंचनाम्याला संध्याकाळी येतो म्हणाला.

आमच्याकडे माणूस घरातून उचललं की मागोमाग घर धुतात. गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन आल्याच. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. रीत होती, एवढंच.

वंदना स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात आडवे लावून उभी राहिली.

"धुऊ नका. पोलीस येईस्तोर काईच हलवू नका."

"काऊन ग?"

"स्टोव्ह बघा ना काकू. फळीवर हाय, पुसून ठिवल्याला. भडका उडाला तर मंग वर कोण ठिवला?"

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पितळी स्टोव्ह फळीवर होता, लख्ख. रॉकेलचा डबा मात्र दारापाशी आडवा पडलेला.

बायांनी बादल्या खाली ठेवल्या. मग सासूनं तोंड सोडलं. "माझ्या घरात सुतक, अन् ही कार्टी इथं सिरियल करून राह्यली."

वंदना हळूच मला म्हणाली, "जल्दी जा, सरांना आण. म्या हलत न्हाई इथून."

सर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. मी पळत गेले, सर होते तसे निघाले.

आम्ही आलो तेव्हा फरशीवरून पाणी मोरीकडे वाहत होतं.

वंदनाला तिच्या आईनंच ओढत घरी नेलं होतं. उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं, ही त्या माउलीची भीती.

आणि स्टोव्ह जमिनीवर होता. आडवा. एका बाजूनं काळा.



संध्याकाळी वंदना घरातून निसटली आणि हवालदारासमोर जाऊन उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. मीही सांगितलं.

हवालदार हसला. "टीव्ही लई बघता का ग पोरींनो?"

"हो," वंदना म्हणाली. "परीक्षेला हाय आम्हाला."

कागदावर अपघात लागला. वर्षाच्या आत मीरावहिनींचा नवरा पुन्हा बोहल्यावर चढला. नव्या नवरीला टीव्ही तोच.

पेपरात प्रश्न आला, तुम्ही पाहिलेल्या मालिकेतील घटनास्थळाच्या दृश्याचे वर्णन करा.

वंदनानं मीरावहिनींचं स्वयंपाकघर लिहिलं. फळी, स्टोव्ह, डबा, उंबरा. पुरवणी लावून लिहिलं.

पेपर बाहेरगावी तपासले गेले. मालिकेचं नाव लिहिलं नाही म्हणून त्या प्रश्नाला शून्य. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं.

पुढे तिला जाफराबादला दिली, मला जालन्याला. पण पेपरात कुण्या सुनेची तशी बातमी आली की तिचा फोन ठरलेला.

"वाचलंस का? स्टोव्ह कुठं होता, लिहिलंय का बघ."

कधीच लिहिलेलं नसायचं.

आज तिला नेलं आणि गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन आल्या. मी दारात उभी राहिले.

"काय झालं ताई?"

"काई न्हाई. एकदा घर बघू द्या मला."

बघितलं. औषधाच्या गोळ्या खिडकीत. चष्मा उशीपाशी. ओट्यावर गॅसची शेगडी, तिच्यावर झाकून ठेवलेली पेज. काल रात्री नवऱ्यानं तिच्यासाठी केलेली. तिला गेली नव्हती ती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं.

मग मी बाजूला झाले. म्हटलं, "धुवा आता."

वंदे, आधी खोली बघितली ग मी. नीट बघितली.

जा आता निवांत.