दुखवट्याची साडी

आई गेली त्याला आता काही महिने झाले. आमचा खटला परभणीच्या कोर्टात अजून चालूच आहे. परवा वकीलबाईंनी आईच्या मृत्यूचा दाखला मागवला, कोर्टात द्यायला. तो पाठवला आणि लिहायला बसलो. कोर्टाच्या कागदात जे आलं नाही ते कुठंतरी असावं, एवढंच.

मी जिंतूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आमचं गाव तिथून येलदरीच्या अंगाला. वडिलांनी हयात एकाच घरी सालगडी म्हणून काढली आणि आई त्याच घरच्या रानात कापूस वेचायला जायची. आम्ही त्या शेतकऱ्यांना मालक म्हणायचो. वडील त्यांच्याबद्दल कधी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. चांगलं बोलल्याचंही आठवत नाही.

वडील भर पावसाळ्यात गेले. आमच्या बौद्धवाड्याची मसणवट्याची वाट नाल्यातून जाते आणि त्या दिवशी नाला तुडुंब होता. म्हणून आम्ही तिरडी घेऊन गावच्या मोठ्या रस्त्यानं निघालो. हा रस्ता मालकांच्या रानाला लागून जातो. तिथं ट्रॅक्टर आडवा लावलेला होता आणि मालक त्याच्या चाकाशी उभे होते.

"इकडून न्हाई," ते म्हणाले. "तुमची वाट खालून हाय."

"नाला भरलाय, मालक," माझे चुलते म्हणाले.

"मंग उतरायची वाट बघा."

त्यापुढं आमच्या जातीचं नाव घेऊन ते जे बोलले ते फिर्यादीत आहे. इथं नको. आम्ही तिरडी खांद्यावर घेऊन पावसात बराच वेळ उभे राहिलो. मग नाल्यात उतरलो. पाणी कमरेच्या वर होतं. खांदेकऱ्यांनी तिरडी हातांवर उचलून धरली, तरी मधे एकदा वडिलांचे पाय भिजले. काठावर आई उभी होती. ते तिनं पाहिलं.

जलदानविधीच्या दिवशी वंदना संपली, माणसं जेवायला बसायची होती, तेवढ्यात मालक आणि मालकीणबाई आले. मालक दाराबाहेरच थांबले. मालकीणबाई आत येऊन बायकांत बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक जांभळी साडी काढून आईच्या मांडीवर ठेवली. आमच्या भागात मयताच्या घरी जवळची माणसं असे कपडे घेऊन येतात, त्यालाही दुखवटाच म्हणतात. आईनं साडी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. मालकांबरोबर आलेल्या कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तो कशाला काढला असेल हा विचार तेव्हा कुणाच्याही मनात आला नाही.

ती माणसं गेल्यावर चुलते आईवर तडकले. "घेतलीस कशाला, वैनी? तोंडावर फेकायची!"

"दुखाला आलेल्या माणसाला माघारी लावत्यात का? तुमी लावाल?"

"मी लावला असता."

"लावला असता म्हणायला काय जातंय, भावजी. रस्त्यात तर गप उभे व्हतात."

मीही रस्त्यात गप्पच उभा होतो.

दुखवटा आटोपल्यावर मगच आम्ही ठाण्यात गेलो. घरात मयत असताना ठाण्याची पायरी कोण चढतं? गुन्हा नोंदला गेला, साहेब चौकशीला आले, पंचनामा झाला. रस्त्यावरचा ट्रॅक्टर कधीचा निघाला होता. आता रस्ता सगळ्यांना खुला होता आणि मालक सांगत होते, तो तर कायम खुलाच आहे.

पहिल्यांदा ज्या वकिलांकडं गेलो ते तालुक्याचेच. त्यांनी फिर्याद पुरती वाचलीही नाही. "अ‍ॅट्रॉसिटी ना? निवांत राहा. आत घालतो आणि किल्ली नदीत टाकतो." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि फोनवरच्या माणसालाही त्यांनी किल्ली नदीत टाकायचं वचन दिलं. जिन्यातून उतरताना आई म्हणाली, "ह्याच्याकडं लय किल्ल्या दिसत्यात."

नंतर कुणीतरी परभणीच्या वकीलबाईंचं नाव सुचवलं. अशीच प्रकरणं त्या वर्षानुवर्षं लढवत आल्या होत्या. कोर्टाजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची छोटीशी खोली होती. त्यांनी वचन काही दिलं नाही. आधी सगळी फिर्याद वाचली, मग फी किती आणि ती कशी द्यायची ते सांगितलं, आणि मग आईकडं वळून म्हणाल्या, "मावशी, हा खटला सरकार चालवणार. कोर्टात बोलणार सरकारी वकील. मी त्यांच्या मागं बसणार, चिठ्ठ्या देणार, जामिनाच्या वेळी तुमचं म्हणणं मांडणार. मी उठून भांडत नाही म्हणून माझ्यावर रागावू नका."

"मागं बसून काय व्हतंय?"

"बरंच होतं. पण दिसत नाही." पुढं त्या म्हणाल्या, "तारखा पडतील. तुम्ही परभणीला याल आणि काही न होता परत जाल. उलटतपासणीत तुम्हाला खोटं ठरवतील. आणि समोरच्या माणसांशी बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही."

"गाव एक हाय, बाई."

"म्हणूनच सांगते. बरं, तुम्हाला काय पाहिजे?"

पंचशील म्हणताना बसते तशी आई ताठ बसली. "ह्यांना आडवलं व्हतं, एवढं मोठ्या साहेबानं वाचून दाखवावं. मोठ्यानं. जेल बिल त्यांचं ते बघतील."

वकीलबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. नंतर त्यांनी विचारलं, सांगण्यासारखं नाही म्हणून तुम्ही काही सांगायचं सोडलंय का? आईनं नाही म्हणून मान हलवली. मीही हलवली. आम्ही काही लपवत नव्हतो. त्या साडीची आठवणच आम्हाला झाली नाही. दुखवट्याला कोण आलं, कुणी काय आणलं, हे काय वकिलाला सांगायचं असतं?

तारखा पडत गेल्या. एसटीत आई खिडकीशी बसायची आणि कोणाच्या रानात तूर कशी आहे ते मला सांगायची. कोर्टाच्या आवारात डबा खाऊन आम्ही परत फिरायचो. एकदा साक्षीदार नव्हता, एकदा न्यायाधीश साहेब रजेवर होते, एकदा नुसतीच पुढची तारीख. शेवटी आईची साक्ष झाली. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना तिनं सगळं नीट सांगितलं. ट्रॅक्टर, नाला, पाय. मग समोरचे वकील उठले आणि त्यांनी फोटो पुढं केला.

"ही साडी आरोपीच्या पत्नीनं तुम्हाला दिली?"

"दिली."

"तुम्ही ती कपाळाला लावली?"

"लावली. पर..."

"म्हणजे तुमचे संबंध चांगले होते. फिर्याद द्यायची हे नंतर कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलं."

"न्हाई, साहेब."

न्यायाधीश लिहून घेण्यासाठी सांगत होते: हे खरे आहे की, आरोपीच्या पत्नीने दिलेली साडी मी स्वीकारली. आईनं ते ऐकलं आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या 'पर'च्या पुढचं कागदावर गेलं नव्हतं. वकीलबाईंनी पुढं वाकून सरकारी वकिलांना चिठ्ठी दिली. फेरतपासणीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ती साडी तुम्ही कधी नेसलात का?"

"न्हाई. घडी बी मोडली न्हाई."

एवढं लिहिलं गेलं.

बाहेर जिन्यात वकीलबाईंचा आवाज चढला. "मी विचारलं होतं ना तुम्हाला? आधी कळलं असतं तर ही गोष्ट आपणच आधी सांगितली असती!" मग आईचा चेहरा पाहून त्या तिथंच पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. "घेतली कशी, मावशी?"

"त्या बाईच्या डोळ्यांत पाणी व्हतं, बाई. साडी कुणी धाडली ते मला ठाव न्हाई. पाणी तिचंच व्हतं."

"हे कोर्टात सांगता येणार नाही."

"म्हणून तर तुमाला सांगायले."

त्यानंतर आई परभणीला दोनदाच आली. छातीचं दुखणं वाढलं आणि एका सकाळी चूल पेटवताना ती बसल्या जागी कलंडली. तिला गावच्या मोठ्या रस्त्यानं नेलं. पाऊस नव्हता, ट्रॅक्टर नव्हता. मालकांच्या रानाशी आल्यावर खांदेकऱ्यांची पावलं आपोआप मंदावली. मग ती पुन्हा चालू लागली. चुलते माझ्या मागं होते. त्यांचा हुंदका तिथंच ऐकू आला, आधी नाही आणि नंतरही नाही.

जलदानविधी उरकल्यावर, माणसं पांगल्यावर, मालकीणबाई आल्या. एकट्याच. हातात पिशवी नव्हती. मी सतरंजी टाकली. त्या बसल्या आणि बराच वेळ आईच्या फोटोकडं पाहत राहिल्या.

"या बारीला काही आणलं न्हाई, बाळा," त्या म्हणाल्या. "आमच्या वकिलानं सांगितलंय, काही न्यायचं न्हाई. बोलायचं बी न्हाई."

मलाही माझ्या वकिलांनी तेच सांगितलं होतं. कॉलेजातली वर्षं, इतकी वाचलेली पुस्तकं, आणि समोर बसलेल्या एका बाईला काय म्हणावं ते मला सुचेना.

"ती साडी तिनं खरंच नेसली न्हाई?"

"नाही, काकू."

"कापूस येचताना म्हणायची, जांभळा रंग लय आवडतो, पर घ्यावा तर मळखाऊच घ्यावा लागतोय. म्हणून जिंतूरला जाऊन मीच घेतली ती. फोटो काढत्यात ते मला ठाव नव्हतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "बांधावर व्हते मी त्या दिवशी. आडवलं ते बघितलं मी. पाण्यातून नेलं ते बी बघितलं."

हे त्या मोठ्यानं म्हणाल्या. दारापुढच्या वाडग्यात बांधलेली शेळी दचकून उठली, इतक्या मोठ्यानं. मग उठल्या, चपला शोधल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "त्या कोर्टात येऊन हे सांगतील?"

"नाही सांगणार."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "पुढच्या तारखेला या तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि ती साडी आहे तशीच राहू द्या. घडी मोडू नका."

साडी आईच्या पेटीत आहे. पुढच्या तारखेला मी एकटाच जाईन. निकाल लागेल तेव्हा साहेब काय वाचतील ते मला माहीत नाही. जे वाचतील ते मात्र मीच ऐकायचं आहे.