उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढताना : कोवलमचे दोन दिवस

कावेरी रॉटरडॅमला गेली त्याला दहा महिने झाले, आणि या दहा महिन्यांत मी एकदाही कयाकमध्ये बसले नव्हते.

आमची ओळख ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यातली. मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आलेली, ती तंजावरच्या मराठी घरातली. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तिनं "तूं कोठली गे?" असं विचारलं, आणि मी उत्तर देईपर्यंत "सेरी, सेरी", म्हणजे 'बरं, बरं', म्हणत तमिळमध्ये शिरलीसुद्धा. पुढची चार वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवारी आम्ही मुट्टुकाडूच्या बॅकवॉटरमध्ये दोघींची कयाक घेऊन जायचो. ती पुढे, मी मागे. उलटलो तर ती बोट धरायची, मी चढायची, मग मी तिला वर ओढायची. एकटीनं परत कसं चढायचं हे मी शिकलेच नाही. तशी वेळच आली नव्हती.

फेब्रुवारीत कोवलमच्या (केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं) एका लहानशा क्लबची जाहिरात दिसली : उलटलेली कयाक सरळ करणं आणि खुल्या समुद्रात एकट्यानं परत चढणं, शनिवार-रविवार. 'एकट्यानं' हा शब्द मी दोनदा वाचला आणि नाव नोंदवून टाकलं.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. मी वेस्ट मांबलमला राहते. टी. नगरहून कोवलमच्या दिशेला बस मिळतात, पण वर्ग सकाळी सहाला असल्यामुळे मी कॅब केली. पहाटे रस्ता मोकळा असतो, तासाभरात पोचता येतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या भागात पावसाचे आणि वादळांचे दिवस, त्यामुळे तेव्हा जाऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळचा समुद्र बराच शांत असतो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट न्या. लाइफ जॅकेट क्लबच देतो.

शिकवणारे सेल्वम अण्णा कोवलमच्याच मच्छीमार घरातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. विद्यार्थी दोघंच : मी आणि बँकेतून निवृत्त झालेले गोपालन सर.

पहिला दिवस बॅकवॉटरमध्ये. कयाकच्या खोबणीत बसलं की कमरेभोवती रबरी स्कर्ट ताणून बसवतात, म्हणजे पाणी आत येत नाही. उलटल्यावर मात्र पहिलं काम तो स्कर्ट सोडवण्याचं. अण्णांनी किनाऱ्यावरच्या वाळूत आम्हाला बसवून ते वीस वेळा करून घेतलं. पुढे वाका, पट्टा शोधा, ओढा, दोन्ही हातांनी बोट मागे ढकलून बाहेर या.

"आणि वल्हं?" गोपालन सरांनी विचारलं.

"वल्हं सोडायचं नाही. बोटही सोडायची नाही," अण्णा म्हणाले. "माणूस पोहत राहिला तर दिसत नाही. बोट दिसते."

मग बोट पालथी असतानाच तिच्या बाजूला जाऊन कडेला हात घालायचा, पाय मारत एका झटक्यात सरळ करायची. वल्ह्याच्या एका पात्याला हवेची पिशवी बांधून फुगवायची, वल्हं बोटीवर आडवं टाकायचं, म्हणजे पिशवी पाण्यावर तरंगते आणि आधार मिळतो. मग पोटावर पालथं चढायचं, पाय आत सरकवायचे, पिशवीच्या बाजूला झुकतच वळून बसायचं. लिहायला चार वाक्यं लागली. करायला मला अख्खी सकाळ लागली. सात वेळा पडले. आठव्यांदा बसले तेव्हा सवयीनं समोर पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, नुसतं बोटीचं टोक.

दुपारी रस्त्यालगतच्या मेसमध्ये केळीच्या पानावर भात, मीन कोळंबू म्हणजे माशाचं आंबट कालवण, आणि तळलेला मासा. कावेरी शाकाहारी. माझ्या पानावर मासा आला की ती आपलं पान दोन बोटं लांब सरकवायची. त्या दिवशी शेजारी भरपूर जागा होती, आणि मासा चांगला असूनही मी निम्मा ठेवला. रात्री कोवलमच्याच एका साध्या लॉजवर राहिले आणि साडेआठलाच झोपले.

रविवारी समुद्र. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. दूरवर मासेमारीच्या फायबर बोटी, आणि एकदा माझ्यापासून दोन वल्ह्यांच्या अंतरावर एका कासवानं डोकं वर काढलं, श्वास घेतला, खाली गेलं. "बघ!" असं मी म्हणूनही गेले होते.

ठरवून उलटायचे दोन प्रयत्न नीट झाले. परत फिरताना गोपालन सरांच्या मांडीत गोळा आला. अण्णा त्यांची बोट आपल्या बोटीला लावून त्यांना शांत करत होते. मी थोडी पुढे होते, आणि मागे वळून त्यांच्याकडे बघण्याच्या नादात आडवी आलेली लाट पाहिलीच नाही.

कान एकदम बंद. खाली डोकं, नाकात पाणी, सगळीकडे हिरवट अंधार. पट्टा सापडेना. मग पुढे वाकायचं आठवलं, हात पट्ट्यावर पडला, ओढला, बाहेर आले. वल्हं हातात होतं. बोट सरळ केली. घाईघाईत पिशवी अर्धीच फुगवली आणि चढायला गेले तर ती बुडाली, बोट पुन्हा माझ्या अंगावर. खारं पाणी पोटात गेलं. आणि मी ओरडले, "कावेरी, धर! धर गं!"

समोर कुणीच नव्हतं. माझाच आवाज ऐकून मला रडू आलं, अगदी तिथं, मानेपर्यंत पाण्यात.

अण्णांचा आवाज आला, "मेदुवा, मॅडम! मेदुवा!" सावकाश, सावकाश. ते सरांना सोडून येऊ शकत नव्हते, हे मला दिसत होतं. मी बोटीला एक हात टाकून नुसती तरंगत राहिले. दहा श्वास मोजले. पिशवीची नळी दातांत धरून ती पूर्ण फुगवली. बोट पुन्हा सरळ केली, वल्हं आडवं टाकलं. पाय मारले, पोट बोटीवर आलं, गुडघा खरचटला, एक पाय आत, दुसरा आत. झुकून वळले. बसले.

बोट पाण्यानं निम्मी भरली होती. हातपंपानं उपसत राहिले, तोवर दोघं शेजारी आले.

किनाऱ्यावर चहा पिताना अण्णांनी विचारलं, "'धर' म्हणजे काय?"

"पिडी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मोठा भाऊ आणि मी एकाच बोटीवर जायचो. तो आता दुबईला आहे. अजूनही जाळं ओढताना मी त्याच्या बाजूची जागा सोडतो." एवढंच बोलले आणि ग्लास विसळायला गेले.

दुपारी अडीचला घरी. केसांतलं मीठ धुतलं, खरचटलेल्या गुडघ्याला मलम लावलं, आडवी झाले तरी पलंग हलतोय असं वाटत होतं. तिच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले असतील. फोन लावला. सगळं सांगितलं, हाक मारल्याचंही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या घरासमोर कालवा आहे गे. लोक बोटी घालतात. मी खिडकीतून बघतें."

"उतर ना मग."

"कोणाबरोबर उतरूं?" ती म्हणाली, आणि हसून विषय बदलावा तशी, "तर आतां तुला चढायला मी नको."

"चढायला नको."

"मग?"

"चढून बसल्यावर हवी आहेस."

तिनं खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. तिच्या बाजूनं कालव्यातून जाणाऱ्या कुणाच्या तरी वल्ह्यांचा आवाज येत होता. मी तो संपेपर्यंत ऐकला.