नाव विचारायचं राहिलं

अभिमन जळगावात एका ट्रस्टची शववाहिका चालवायचा. मूळचा धुळ्याकडचा, पण या गाडीवर त्याला सोळा वर्षं झाली होती. दवाखान्यात सगळे ‘बॉडी आली का, बॉडी घेतली का’ असं बोलत. अभिमन आधी नातेवाइकांना नाव विचारायचा, घरात काय हाक मारत तेही विचारायचा. मग मागचं दार लावताना हळूच म्हणायचा, ‘‘चला नाना, निघू या.’’ वाटेत खड्डे लागले की, ‘‘अक्का, हळूच जाऊ बरं का, रस्ता खराब शे.’’

दवाखान्याबाहेरचा रिक्षावाला समाधान त्याला चिडवायचा. ‘‘अभिमनभाऊ, तुमची सवारी उतरताना राम राम तरी करते का?’’

‘‘नाही करत. पण तुझ्या सवाऱ्यांसारखी भांडत बी नाही.’’

त्या दिवशी त्याची मुलगी दिपमाला परीक्षा देऊन धुळ्याहून बसने निघाली होती. दोनला पोहोचायची ती चार वाजले तरी आली नव्हती आणि फोन बंद होता. तेवढ्यात असोद्याची एक म्हातारी घरी न्यायची निघाली. अभिमनने नाव विचारलं नाही. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन; मुलीचा लागेना की घरी लावून ‘पोर आली का?’ विचारायचा. असोद्याच्या अलीकडचा स्पीडब्रेकर त्याला दिसलाच नाही. गाडी उडाली, मागे स्ट्रेचर सरकलं, त्याची कडी खाडकन आपटली.

‘‘भाऊ, हळू ना! लागेल त्यांना,’’ मागे बसलेली सून कळवळून म्हणाली.

‘‘आते तिले काय लागनार शे?’’ अभिमन खेकसला.

सुनेने सासूचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि वरून पदर धरला. अभिमनला ते आरशात दिसलं.

तो घरी आला तेव्हा दिपमाला टरबूज खात बसली होती. पारोळ्याजवळ बसचं टायर पंक्चर झालं होतं, आणि फोनची बॅटरी संपली होती. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून ती कडी वाजू लागली. गाडीत कोणी असलं की गप्प. गाडी रिकामी असली की खट, खट. मेकॅनिकने दोनदा नट आवळला. अभिमनने कडीखाली रबर घातलं. तरी वाजायचीच, आणि प्रत्येक वेळी त्याची नजर आरशाकडे जायची. आरशात त्याला मांडीवरचं ते डोकं दिसायचं. कधी ते त्याचं स्वतःचं असायचं, मांडी दिपमालाची, आणि पुढे कोणीतरी फोनवर बोलत गाडी हाकत असायचा. त्याचं जेवण तुटलं. मेलेल्या माणसाची माफी मागायची कशी?

पंधरा दिवसांनी तो असोद्याला गेला. ही गाडी कोणाच्या दारात उभी करू नये, म्हणून त्याने ती गावाबाहेर केळीच्या बागेपाशी लावली आणि चालत गेला. दारात तीच सून होती, कोकिळा. तिने ओळखलं, आत बोलावलं, पाण्याचा तांब्या पुढे केला.

‘‘ताई, त्या दिवशी नाव विचारायचं राहिलं,’’ एवढंच त्याला बोलता आलं.

‘‘भागाबाई. पण आम्ही सगळे जिजी म्हणायचो.’’ ती थोडं थांबली. ‘‘भाऊ, तुमची मुलगी आली का हो घरी त्या दिवशी? वाटभर फोन लावत होता तुम्ही. नंतर माझ्या मनात तेच येत राहिलं.’’

अभिमनच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जिच्या सासूला तो तसं बोलला होता, ती सुतकातही त्याच्या मुलीची काळजी करत होती.

‘‘आली,’’ तो कसाबसा म्हणाला. ‘‘सुखरूप आली.’’

‘‘बरं झालं. आता चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. जिजीने कोणाला तसं जाऊ दिलं नसतं.’’

त्याला साखरेचा आजार होता. त्याने कप रिकामा केला.

परतताना तो स्पीडब्रेकर आला. अभिमनने गाडी जवळजवळ थांबवली. ‘‘जिजी, हळूच घेतो हं,’’ तो म्हणाला, आणि कान मागे लावून बसला.

गाडी रिकामी होती, तरी कडी वाजली नाही. जळगाव येईपर्यंत एकदाही नाही. अभिमन मात्र सारा रस्ता तिची वाट बघत राहिला.