खरा सेक्रेटरी

आमच्या नाटकाला लोक हसत नाहीत, याचा मला फार राग यायचा. आम्ही चौघं, दोघं व्हीलचेअरवर, त्यातली एक मी, आणि दोघं अंध. नाटक चक्क फार्स, सोसायटीच्या मीटिंगमध्ये रॅम्पवरून होणाऱ्या भांडणाचा. त्यात सेक्रेटरी मी. पनवेलमध्ये कुठेही प्रयोग करा, प्रेक्षक देवळात बसल्यासारखे बसायचे आणि शेवटी "किती प्रेरणादायी!" म्हणत शाल-नारळ द्यायचे. नारळाच्या वड्या खाऊन खाऊन घरचे कंटाळले होते.

सुकापूरच्या गणपतीत मात्र पहिल्या रांगेतल्या एक मावशी पहिल्याच वाक्याला खो खो हसल्या. शेजारणीने कोपराने ढोसलं, तर मोठ्याने म्हणाल्या, "हसायचा नाटक हाय ना? मंग हसू नको त काय रडू?" मग सगळा मांडवच हसत सुटला.

प्रयोगानंतर मावशी माझ्याकडे आल्या. मी सवयीने शालीसाठी मान वाकवली. "बाकी बरा हाय," त्या म्हणाल्या, "पन तुझा सेक्रेटरी उगाच वरडतो. खरा सेक्रेटरी गोड बोलतो. आमच्या बिल्डिंगचा ये बघायला."

इतक्या वर्षांत माझ्या कामात कुणी चूक काढलीच नव्हती. मी जाम खूश!

रविवारी गेले. दारातच पायऱ्या. सेक्रेटरी खाली आला आणि इथे रॅम्प का होऊ शकत नाही, हे मला अर्धा तास हसतमुखाने समजावत राहिला. मी त्याचा शब्दन्‌शब्द टिपून घेतला.

आता त्याचं बोलणं जसंच्या तसं नाटकात आहे, आणि लोक तिथेच पोट धरून हसतात. पायऱ्या तेवढ्या अजून तशाच आहेत.